पाळकसाहेब, शत्रूंची नावं प्रार्थनेत कधी येणार?

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांचे पाळक आणि धर्मग्रामांचे फादर यांस,



मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचा शेवट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वैऱ्यांवर प्रेम करायचं, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, कारण ऊन आणि पाऊस देताना स्वर्गातला पिता सज्जनाचं शेत कुठलं आणि दुर्जनाचं कुठलं हे बघत नाही. संडेस्कूलमध्ये हा भाग न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस मिळतं. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत क्रुसावरचे सात उद्गार सात वक्त्यांना वाटून दिले जातात. तेव्हा पहिला, म्हणजे मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा उद्गार आपल्या वाट्याला यावा असं बऱ्याच वक्त्यांना वाटतं, असा माझा अंदाज आहे. त्यावर बोलायला सोपं जातं.

प्रवचनांविषयी मला तक्रार नाही. ती चांगली असतात, काही तर डोळ्यांत पाणी आणतात. पण प्रवचन संपतं आणि मध्यस्थीची प्रार्थना सुरू होते. आजारी सभासदांची नावं घेतली जातात, वॉर्ड नंबरासकट. दहावी-बारावीला बसलेली मुलं, नोकरीसाठी आखाती देशांत गेलेले तरुण, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री. पाऊस लांबला असेल तर पाऊस. या यादीत आपल्याला त्रास देणाऱ्या एकाही माणसाचं नाव आजवर माझ्या कानावर आलेलं नाही. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला प्रभूने स्पष्ट शब्दांत सांगितलं, नेमके तेच यादीतून गळालेले. मुख्यमंत्र्यांसाठी प्रार्थना करावी हे पौलाने तीमथ्याला सुचवलं होतं, ते आपण इमानाने पाळतो.

मत्तयाचा हा भाग आपण वापरतच नाही असं मात्र नाही. वापरतो, पण वेदीवर नव्हे, पाळकांच्या बैठकीच्या खोलीत. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई समोर बसते. तिला पाणी दिलं जातं, तिच्यासोबत प्रार्थना केली जाते आणि मग तिला सांगितलं जातं: क्षमा कर, प्रभूनेही केली. असा सल्ला मी स्वतः ऐकला आहे, एकाहून अधिक ठिकाणी. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. घर मोडू नये असंच त्यांना वाटत असतं. पण शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा ज्याच्या हातात काठी आहे त्याला कोणी ऐकवत नाही, जिच्या पाठीवर वळ आहेत तिलाच ऐकवली जाते, हे पाळकसाहेब, तुमच्या लक्षात आलं आहे का?

याला कायद्याचीही जुनी साथ होती. 1869च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसता मार हे कारण पुरेसं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये या भेदभावावर बोट ठेवलं आणि संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं, नुसत्या मारहाणीच्या कारणावर घटस्फोट घेण्याचा रस्ता आपल्या आज्यापणज्यांपुढे नव्हताच. दुसरा रस्ताच नसताना केलेल्या क्षमेला ख्रिस्ती प्रीती म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

आता ग्लॅडिस स्टेन्स यांच्याबद्दल, कारण या विषयावरच्या प्रत्येक प्रवचनात त्यांचं नाव येतं. 22 जानेवारी 1999च्या रात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर गावच्या चर्चसमोर उभ्या केलेल्या गाडीत ग्रॅहम स्टेन्स आपल्या दोन मुलांसह झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, तिमथी सहा वर्षांचा. जमावाने गाडीला आग लावली आणि त्यांना बाहेर पडू दिलं नाही. ग्रॅहम 1965 मध्ये ऑस्ट्रेलियाहून ओडिशात आले होते आणि बारिपदाच्या कुष्ठधामात काम करत होते. ग्लॅडिस त्या रात्री बारिपदालाच होत्या, तेरा वर्षांच्या मुलीसोबत. मारेकऱ्यांबद्दल मनात कटुता नाही, त्यांना मी क्षमा केली आहे, असं त्यांनी काही दिवसांतच सांगितलं आणि ते जगभर छापून आलं.

आपली प्रवचनं इथे थांबतात. गोष्ट पुढे बरीच आहे. ग्लॅडिस यांनी या हत्येची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती वाधवा आयोगापुढे आपलं म्हणणं लेखी मांडलं. क्षमा करणं माझ्याकडे आहे, शिक्षेचं बघणं कायद्याकडे, ही वाटणी त्यांनी पहिल्यापासून स्वच्छ ठेवली. खटला मागे घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत आणि फाशी द्या असंही म्हणाल्या नाहीत. 2003 मध्ये खालच्या न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. दुसरा दोषी महेंद्र हेम्ब्रम एप्रिल 2025 मध्ये तुरुंगातून सुटला. या सगळ्या काळात बाईंची क्षमा कधी कोर्टाच्या आड आली नाही आणि कोर्टाच्या निकालांनी ती कमीजास्त झाली नाही. त्या लगेच मायदेशीही परतल्या नाहीत. 2004 पर्यंत बारिपदालाच, त्याच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. नवऱ्याच्या नावाचं रुग्णालय उभं राहिल्यावर मग गेल्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांना क्षमा करायला कोणी सांगितलं नव्हतं. कुठल्या बिशपांनी फोन करून वचन ऐकवलं असतं, तर ते शोभलं असतं का?

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया केरळच्या, पण काम देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात. भूमिहीन आणि आदिवासी लोकांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी त्या बचत आणि कर्जाची व्यवस्था बसवत होत्या, सरकारी योजनांची माहिती देत होत्या. त्यामुळे ज्यांचं उत्पन्न बुडत होतं त्यांनी मारेकरी नेमला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, भरल्या बसमधल्या प्रवाशांसमोर, समंदर सिंगने त्यांना भोसकलं. पुढे जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, 2002 मध्ये राखी घेऊन इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या हाताला राखी बांधली. नंतर कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि 2006 मध्ये तो सुटला. तो केरळमध्ये त्या घरी गेला, आईबापांना भेटला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं.

आता बघा, राणी मारियांच्या कुटुंबाने सुटकेसाठी सही केली, ग्लॅडिस यांनी नाही. दोघांमध्ये जास्त ख्रिस्ती कोण, हा प्रश्न विचारण्यासारखासुद्धा नाही. पण दोन्हीकडे एक क्रम सारखा दिसतो. गुन्हा झाला, तो गुन्हा म्हणून नोंदला गेला, खटला चालला, दोषी ठरले. कोणीही त्यावर पांघरूण घातलं नाही. राखी बांधली गेली तोवर सात वर्षं उलटली होती आणि समंदर सिंग तुरुंगात होता, पोलीस त्याला शोधत नव्हते. आपण मात्र राखी आधी मागतो आणि एफआयआर नंतर, जमलं तर.

प्रभूने स्वतः काय केलं हेही एकदा वाचून दाखवा. योहानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकापुढे शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. दुसरा गाल पुढे करण्याचं शिकवणारा येशू तिथे गप्प राहत नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मारलंस का, असा जाब तो विचारतो. तोच काही तासांनी खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. पौलाला फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून रात्रभर कोंडलं आणि सकाळी गुपचूप निघून जा म्हणून निरोप दिला, तेव्हा तो जागचा हलला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं म्हणाला. पुढे त्याने थेट कैसराकडे अपील केलं. शत्रूला जेवू घाल, असं रोमच्या मंडळीला लिहिणारा पौल तो हाच. जाब विचारणं आणि प्रेम करणं त्याला एकमेकांच्या विरोधातलं वाटलं नाही.

अहिल्यानगर, जालना, संभाजीनगरकडच्या मंडळ्यांमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपल्यातले बहुसंख्य लोक महार आणि मांग घरांतून प्रभूकडे आले. गावाने त्यांना बाप्तिस्म्यानंतरही वेशीबाहेरच ठेवलं. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना नाकारला, त्यामुळे 1989च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही गेलं. म्हणजे जातीवरून शिवी तीच, मार तोच, फक्त दाखल करायचं कलम नाही. अशा माणसाला रविवारी शत्रूवर प्रेम कर म्हणताना सोमवारी त्याच्यासोबत ठाण्यात कोण जाणार, हे त्याच घोषणेत सांगा. नाहीतर त्याला ऐकू येतं ते एवढंच, की पाटलाशी वाकडं घेऊ नकोस. ते तर त्याचा आजा बाप्तिस्म्याआधीपासून ऐकत आला होता.

आणि राग आलेल्या माणसाला आधी रागावू द्या. स्तोत्रसंहितेत शापाची स्तोत्रं आहेत. 109वं स्तोत्र शत्रूच्या बायकामुलांपर्यंत जातं, 137व्याचा शेवट तर मोठ्याने वाचवत नाही. कॅथलिक चर्चने 1971च्या सुमारास प्रहरप्रार्थनेचं पुस्तक नव्याने बांधलं तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं त्यातून पूर्णच वगळली. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती वगळण्याचा ठराव कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आपोआपच वाचायची राहून गेली. माझं मत असं, की ती जशी आहेत तशी म्हणू द्यावीत. ज्याचं घर जळलं त्याने आपला संताप देवापुढे ओतला तर तो निदान योग्य दारात ओतला. तिथे ओतलेला संताप रस्त्यावर काठी घेऊन उतरण्याची शक्यता कमी. शिवाय देवाला काही ते नवं नाही. ज्याने कधी 109वं स्तोत्र दात-ओठ खाऊन म्हटलं नाही, त्याने केलेली शत्रूसाठीची प्रार्थना मला जरा कोमट वाटते.

शत्रू बाहेरचेच असतात असं मानायचं कारण नाही. आपली मोठी भांडणं कोणाशी चालली आहेत, खरं सांगा? मिशनच्या जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने, ट्रस्टींच्या निवडणुका, चेंज रिपोर्ट, धर्मादाय आयुक्तांपुढच्या तारखा. एकाच चर्चमध्ये डावीकडच्या बाकांवर एक पॅनल आणि उजवीकडच्या बाकांवर दुसरं. प्रभूभोजनाला एकाच रांगेत उभं राहायचं आणि दुपारी वकिलाकडे जायचं. प्रार्थनासभेत घुसून गोंधळ घालणाऱ्या जमावासाठी एक वेळ आपण प्रार्थना करू, कारण ते परके आहेत, त्यांना आपण काय करतोय ते कळत नाही असं म्हणता येतं. विरुद्ध पॅनलच्या सेक्रेटरीला ते सगळं कळत असतं. त्याच्यासाठी कोण प्रार्थना करणार? मला विचाराल तर सुरुवात त्याच्यापासून करा. जमावाची पाळी नंतर.

प्रार्थनेत मागायचं काय, हाही प्रश्न आहेच. आपण फार तर म्हणतो, देवा, त्याला सुबुद्धी दे. हा मराठी माणसाचा सगळ्यात सभ्य शाप आहे. त्याचा अर्थ असा, की तो माझ्याशी सहमत होवो, आणि झाला नाही तर तुझं तू बघ. दुसरा प्रकार म्हणजे, तो तारण पावो. त्यातही बऱ्याचदा तो आपल्या बाजूला येऊन आपली मान ताठ करो एवढंच मागणं असतं. यापेक्षा साधं मागा. ज्याने आपली सभा उधळली त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊ दे. ज्याने आपल्याविरुद्ध खोटी तक्रार केली त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळू दे. त्याची सोयाबीन यंदा पावसात भिजू नये. आपण स्वतःसाठी जे मागतो तेच, नाव घालून, त्याच्यासाठी. ऊन-पावसाचं उदाहरण देणाऱ्याच्या मनात असलंच काहीतरी असणार, असं मला वाटतं.

हे कोरडं तत्त्वज्ञान वाटत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे पुन्हा काढा. 1895 मध्ये नवऱ्याचा, म्हणजे टिळकांचा, बाप्तिस्मा झाला आणि सोवळ्यात वाढलेल्या या बाईचा संसार एका दिवसात उधळला. सुमारे पाच वर्षं ती नवऱ्यापासून वेगळी राहिली, नातलगांच्या घरोघरी, त्यांचे टोमणे खात. 1900 मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. या सगळ्यावर तिने तीसेक वर्षांनी लिहिलं तेव्हा सासऱ्यापासून नवऱ्याच्या तापट स्वभावापर्यंत काहीच लपवलं नाही. ज्याने जे केलं ते नावानिशी सांगितलं. आणि तरी त्या पुस्तकात विष नाही, हसू आहे. कोणी काय केलं ते पूर्ण सांगून झाल्यावरही त्या माणसाला माणूस म्हणूनच उभं करायचं, हे मराठी ख्रिस्ती घरांत एका अल्पशिक्षित बाईने इतकं सहज केलं आहे, की या विषयावरची टीकापुस्तकं मला त्यापुढे फिकी वाटतात.

काही पाळक म्हणतील, नावं घेतली तर चर्चमध्ये कुजबुज होईल, बाहेर बातमी जाईल. होईल कुजबुज. पूर्ण नाव नको असेल तर पहिलं नाव घ्या, प्रभूला आडनाव लागत नाही. कुणी म्हणेल, संख्येने आपण राज्यात टक्काभरही नाही, अशा वेळी शत्रू हा शब्द उच्चारणंच धोक्याचं. उलट, गोंधळ घालून गेलेल्या मुलांच्या गावात बातमी गेली, की त्या चर्चमध्ये आपल्या आजारी बापासाठी नाव घेऊन प्रार्थना झाली, तर त्यातून कोणाचं नुकसान होणार आहे? मात्र एक पथ्य पाळा. ज्याला इजा झाली त्याच्या तोंडून ही प्रार्थना वदवून घेऊ नका. ती मंडळीने करायची, पाळकांनी करायची. तो त्या दिवशी आमेन म्हणाला नाही तर चालेल. तो म्हणेल तेव्हा म्हणेल. सेल्मी पॉललाही सात वर्षं लागली.

म्हणून विनंती दोन गोष्टींची. येत्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत, आजाऱ्यांच्या यादीनंतर, त्रास देणाऱ्यांपैकी किमान एकाचं नाव घ्या आणि त्याच्या घरासाठी काहीतरी चांगलं मागा. आणि त्याच आठवड्यात मंडळीतली एखादी बाई मार खाऊन तुमच्या खोलीत आली, तर 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठीही आहे हे तिला सांगा, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तिच्या हातात द्या आणि तिथपर्यंत तिच्यासोबत जा. क्षमेचं वचन त्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या घरी जाऊन त्याला ऐकवा. पश्चात्तापाची गरज तिथे आहे.

आपला नम्र,
मंडळीतला एक सभासद